तेलाची ऊब

"काकू, वास येतोय का बघा," गॅसवाला म्हणाला आणि चंद्राबाई म्हणाल्या, "येतोय."

खरं म्हणजे तो विचारायचं म्हणून विचारत होता. भिंतीला भोक पाडून झालं होतं, पाइप स्वयंपाकघरातून बाथरूमकडे आणि तिथून मागच्या खोलीपर्यंत नेऊन झाला होता. आता एकदा शेगडी पेटवून दाखवली की त्याची सुटका होती. गोडोलीतल्या त्या इमारतीत खालपासून वरपर्यंत त्यानं हाच प्रश्न विचारला असणार आणि घरोघरच्या बायकांनी नाक जरासं वर करून "नाही बाई" म्हटलं असणार. चंद्राबाईंनी मात्र "येतोय" म्हटलं आणि बिचाऱ्याचा चेहराच उतरला. झटकन कॉक बंद केला, खिडक्या उघडायला लावल्या, वाटीत साबणाचा फेस करून एकेका सांध्याला फासला आणि डोळे बारीक करून बघत बसला. बुडबुडा कुठेच येईना. "कसला वास येतोय, काकू? अंडं कुजल्यासारखा?" चंद्राबाईंना एकदम कानकोंडं झालं. चारचौघांत आपल्या तोंडून भलतंच काही निघून जावं तसं. "न्हाई," त्या हळूच म्हणाल्या, "रॉकेलचा." तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. तो हसला आणि अवजारांच्या पिशवीशेजारी पडलेला चिंधीचा बोळा त्यानं उचलून दाखवला. "ह्याचा येतोय. पाइपाचे आटे पुसायला लागतं. दचकवलंत की मला!" मग त्यानं कॉक उघडला, निळी ज्योत गुपचूप फुलली, आणि जाता जाता त्यानं माहितीही दिली की ह्या गॅसला स्वतःचा वासच नसतो, गळला तर माणसाला कळावं म्हणून वास मुद्दाम घालावा लागतो. चंद्राबाईंना ह्याची मोठी गंमत वाटली. ज्याला वाससुद्धा दुसऱ्यानं द्यायचा, ते कसलं जळण, असं त्यांच्या मनात आलं; पण तो गेला होता आणि बोळा मात्र ओट्याच्या कडेला विसरला होता.

तो बोळा त्यांनी कचऱ्यात टाकायला हवा होता. टाकायलाच त्या उठल्या होत्या. पण हात डब्याच्या झाकणापर्यंत गेला आणि तिथून माघारी आला, आणि पुढच्या क्षणी सुभेदार नाथाजींची बायको, धैर्यशीलची आई, पुण्याला कॉलेजात शिकणाऱ्या नातीची आजी, आपल्या खोलीचं दार लोटून घेऊन ती कळकट चिंधी नाकाशी धरून उभी होती. वास तिखट होता, डोळ्यांत जरासं पाणी आणणारा. ते पाणी वासानंच आलं असं म्हणायची सोय होती. बाहेर पौषातलं कोवळं ऊन गॅलरीत पडलं होतं, समोरच्या रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, आणि ह्या खोलीत, सातारच्या फ्लॅटमध्ये, एकदम बर्फ पडायला लागला. पत्र्याचं छप्पर, काचांवर चिकटवलेले वर्तमानपत्राचे कागद, बाहेर पांढऱ्यावर पांढरं साचत चाललेलं, आणि खोलीच्या मधोमध ती खोली तापवणारी काळी पत्र्याची नळकांडी. बुखारी. नवऱ्यानं पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा चंद्राबाईंना वाटलं होतं कुणाला ताप आलाय.

लग्न होऊन आष्ट्याहून पलूसला आल्या त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. नवरा म्हणजे सुट्टीला येणारा माणूस. येणार म्हटलं की सासू घर सारवून काढायची, दीर स्टेशनावर जायचा, आणि आला की तो साऱ्या घराचा असायचा, गावाचा असायचा, तालमीतल्या दोस्तांचा असायचा. बायकोच्या वाट्याला दिवा मालवल्यावरचा. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग एका वर्षी कधी नव्हे ते फॅमिली क्वार्टर मिळालं. काश्मिरात. धाकटा दीर सोबत आला, जम्मूपर्यंत आगगाडी, पुढे फौजेची मोटार, आणि एका उतरणीला ती एक खोली. तिथं गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं चहाचा पेला हातात धरून विचारलं, "आष्ट्याला तुमच्यात चहात आलं घालत्यात का?" भर उजेडात, तोंडाकडे बघून. त्या इतक्या गोंधळल्या की पदर सावरून उठून उभ्या राहिल्या, जसा काही सासराच बोलला. नवरा हसला. त्याला समोरचा एक दात किंचित तिरका आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याचा दात पहिल्यांदा दिसल्याचा तो आनंद आजही त्यांच्या अंगावर उमटतो. कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर सून म्हणेल, आई, काहीतरीच तुमचं.

बुखारीला तेल लागायचं. रॉकेलच ते, फौजेत त्याला के-ऑइल म्हणत. भिंतीवर उंच डबा टांगलेला, त्यातून तांब्याची बारीक नळी खाली आलेली, नळीला पितळेची चावी, आणि चावीतून थेंब थेंब तेल बुखारीच्या पोटात पडायचं. तेल बेताचं मिळे, ते पुरवायचं हे घरच्या बाईचं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी चावी सैल सोडली आणि बुखारी अशी गुरगुरली, धुराडं असं लालबुंद झालं, की त्या दाराबाहेर बर्फात जाऊन उभ्या राहिल्या, अनवाणी. नवऱ्यानं आधी चावी आवळली, मग त्यांना आत ओढलं, मग शिकवलं. "जादा सोडलं की भडकती, कमी सोडलं की इझती. एका श्वासाला एक थेंब. तुजा श्वास धर हां, माजा न्हवं. मी पळत आलेला आसतो." तेव्हापासून संध्याकाळी चंद्राबाई बुखारीशेजारी घोंगडीवर बसायच्या, चावीवर बोटं, आणि आपल्या श्वासाला थेंब लावून द्यायच्या. नवरा ड्युटीवरून येऊन बूट काढून पाय शेकत बसायचा. तेव्हा त्याच्या पायांची सगळी बोटं जागेवर होती. बोलायचं ते बोलून झालं की दोघं थेंब पडल्याचा आवाज ऐकत बसत. तेलाचा वास लुगड्याला, केसांना, भाकरीला, उशीला. सुख म्हणून काही असतं, आणि ते आपल्याला मिळालं होतं, असं चंद्राबाई ज्याच्यावरून सांगू शकतील असा तो एक हिवाळा. आणि तोही पुरता मिळाला नाही.

"आई, तुमच्या खोलीत गॅस लीक होतोय का?" संध्याकाळी बँकेतून आल्या आल्या शिवांजलीनं विचारलं. सून गुणाची, पण नाक फार तिखट. चंद्राबाई म्हणाल्या न्हाई बाई. पण तिनं ऐकलं नाही, कंपनीच्या नंबरवर फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी तोच गॅसवाला पुन्हा साबणाची वाटी घेऊन हजर झाला. पुन्हा फेस, पुन्हा डोळे बारीक. बोळा चंद्राबाईंच्या उशीच्या अभ्र्यात होता. त्या दाराशी उभ्या राहून इतका निष्पाप चेहरा करून बघत होत्या की त्यांचं त्यांनाच हसू येत होतं. गॅसवाला "काही नाही, मॅडम" म्हणून गेला आणि शिवांजली उदबत्ती लावून मोकळी झाली.

हा सगळा गॅसचा घाट धैर्यशीलनं घातला होता तो आबांसाठी, म्हणजे वडिलांसाठी. नातीला सांभाळायला म्हणून चंद्राबाई सातारला आल्या त्या ती मांडीवर होती तेव्हा. आबा शेतावर पलूसला, आई इथं. आता तीच नात, प्रियदर्शनी, गणपतीच्या आधीच हॉस्टेलवर गेली होती, मागची खोली रिकामी पडली होती, आणि चंद्राबाई इथं कशासाठी आहेत हे घरात कुणी विचारत नव्हतं. विचारू नये इतकी माणसं चांगली होती. धैर्यशीलला वाटे, आबांनीच इकडे यावं. येत का नाहीत, तर त्यांचे पाय. काश्मिरात वर डोंगरावर पुढच्या एका हिवाळ्यात उजव्या पायाची बोटं बर्फानं खाल्ली, तेव्हापासून त्यांना थंडी म्हणजे वैरी. फ्लॅटच्या फरशीवर पाय टेकवत नाही म्हणत. तेव्हा मागच्या खोलीत गॅसवरची शेगडी बसवायची, आबांची खोली गरम ठेवायची, आणि त्यांना घेऊन यायचं, असं त्यानं ठरवलं. हे ठरलं त्या दिवसापासून चंद्राबाई त्या रिकाम्या खोलीत उगाचच दोनदा केर काढत होत्या. पलंग खिडकीपासून लांब सरकवून घेतला. नातीच्या कपाटातला एक खण मोकळा केला. ह्या वयात नवऱ्याच्या येण्याची अशी वाट बघणं बरं दिसत नाही म्हणून हे सगळं त्या कुरकुरत करत, कंबर दुखते असं म्हणत.

धैर्यशीलनं फोन स्पीकरवर टाकून मधे ठेवला. "आबा, गॅस आला बघा. तुमच्या खोलीत शेगडी बसवतोय. बटण फिरवलं की खोली गरम. या आता."

"सिलिंडरचा गॅस?"

"नाही हो, पाइपातनं येतो. संपायची भीतीच नाही."

"कुटनं येतो?"

"लांबनं. समुद्राकडनं येतो."

"मंजी चावी लांबच्या मानसाच्या हातात," आबा म्हणाले. "त्यानं तिकडं आवळली की तुमी हिकडं गार. आमचं तेल कसं, डब्यात आस्तं. किती उरलंय ते डोळ्याला दिसतंय."

"आबा, पण तेलाची काजळी किती, धूर किती, छातीला वाईट. गॅसला ह्यातलं काही नाही. आणि रॉकेल मिळतं कुठं आता?"

"ट्रॅक्टरचं डिझेल हाय की. कोनतं बी तेल चालतंय तिला. आन गॅसची ऊब पातळ आस्ती रं. बंद केली की गेली. तेलाची पत्र्यात धरून ऱ्हाती, लय वेळ."

"असेल. पण वास?"

पलीकडे कुठेतरी उसाच्या ट्रॉलीवर गाणं वाजत होतं. "व्हय," आबा म्हणाले, "वास येतो. त्ये खरं हाय." मग त्यांनी आईला दे म्हटलं. चंद्राबाईंनी फोन कानाला लावला. जेवण झालं का, झालं. म्हैस दूध देती का, देती. उसाची तोड आली का, पुढच्या आठवड्यात. हे त्यांचं रोजचं बोलणं, एवढ्यावर मिटायचं. पण आज आबा थांबले आणि म्हणाले, "बरं झालं तुज्याकडं गॅस आला. वास न्हाई, काय न्हाई. तुला बरं." आणि फोन ठेवला.

तुला बरं. चंद्राबाई भाजी निवडत बसल्या आणि ते दोन शब्द चाळणीत अडकलेल्या खड्यासारखे जाईनात. आपल्याला बरं म्हणजे काय? वासाचं आणि आपलं काय? आणि मग हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. एक सकाळ आठवली. नवरा आरशासमोर दाढी करत होता, एका गालाला साबण. त्या बुखारीपुढे बसल्या होत्या आणि पोटात नुसतं ढवळत होतं. दोन दिवस अन्न नको झालं होतं, आणि त्या वैतागून बोलून गेल्या होत्या, "ह्या तेलाच्या वासानं डोस्कं उठलंय. नगं वाटाय लागलंय समदं." एवढंच. कुठली बाई सकाळच्या पारी असं काही बोलत नाही? नवऱ्यानं आरशातून त्यांच्याकडे बघितलं. शिपाईगडी, बायको बोलली ते त्यानं हुकमासारखं ऐकलं. आठवडा उलटायच्या आत तो साहेबाला भेटला, आटपाडीकडचा हंबीरराव नावाचा त्याचा दोस्त सुट्टीवर निघाला होता, त्याच्यासोबत बायकोला रवाना केलं. "जा गावाकडं. हितं तुला सोसायचं न्हाई." मोटार वळणावरून खाली उतरेपर्यंत तो बर्फात उभा होता, आणि चंद्राबाईंना वाटत होतं, आपला कंटाळा आला ह्याला. सबंध वाटेत त्या हेच गिरवत आल्या. पलूसला आल्यावर सासूनं तोंडाकडे बघितलं आणि चूल सोडून उठली, दृष्ट काढली. दिवस गेले होते. ढवळत होतं ते त्याचं होतं.

आणि मग कधी सांगायचं? पत्र दीर लिहायचा, ओटीवर बसून, सासरा ऐकत असायचा. त्यात नवऱ्याला काय लिहायला सांगणार, की मला तुमच्या तेलाचा वास पुन्हा हवा आहे? पुढच्या सुट्टीला नवरा आला तो कुबडी घेऊन. पुन्हा क्वार्टर मिळालं नाही. फौज संपली तर डीएससीची, लष्करी ठाण्यांवर पहारा द्यायची दुसरी नोकरी, आज इकडे उद्या तिकडे. ती संपवून तो पलूसला आला, आणि त्याच वर्षी नात झाली, आणि चंद्राबाई सातारला आल्या. सगळा संसार असा सुट्ट्यांना सुट्ट्या जोडून केलेला. भांडण एकदाही झालं नाही. भांडायला माणूस जवळ लागतं.

फोनवर आबा डिझेल म्हणाले होते. तिला चालतं म्हणाले होते. कुणाला? शेतावर आल्यावर त्यांनी सांगलीच्या एका पत्रेवाल्याकडून बुखारी करून घेतली होती, हे चंद्राबाईंना माहीत होतं. एका दिवाळीला त्यांनी ती बघितलीही होती, गोठ्यात, पोत्याखाली. तेव्हा हसू आलं होतं. पलूसला बुखारी! नवऱ्याचं म्हातारपणीचं खेळणं, असं म्हणून त्यांनी पोतं परत टाकलं होतं. आता मात्र त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना त्यांनी पुतण्याला फोन लावला. लालासाहेबाचं घर शेताला लागूनच.

"काका हायत का रं जवळ?"

"न्हाईत, काकी. आगगाडी पेटवाय बसल्यात."

"कसली आगगाडी?"

"आवं ती बुखारी! समदं गाव आगगाडी म्हनतंय तिला. धुराडं छपरातनं वर काडलंय न्हवं."

"ती गोठ्यात आसती की."

लालासाहेब हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की काकी हसत नाहीत. "गोठ्यात आसती त्ये तुमी आल्यावर," तो म्हणाला. "एरवी थंडी पडली की रोजच. तुमी याच्या आदल्या दिशी काका धुराडं काडून ठेवत्यात, खोली धुऊन घेत्यात, फिनेल टाकत्यात, चादरी बी मळ्यात वाळत घालत्यात. म्या म्हनलं, काका, कशापायी एवडं? तर म्हनलं, तिला वास सोसत न्हाई."

चंद्राबाईंनी फोन ठेवला आणि तिथंच, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून घेतलं. गेल्या संक्रांतीला त्या चार दिवस पलूसला होत्या. आबा खाटेवर दोन वाकळा गुंडाळून बसले होते, पायांत लोकरीचे मोजे, त्यावर शालीचा पिळा, आणि ओठ काळेनिळे. थंडी लय वाजती का, असं विचारलं तर न्हाई म्हणाले होते. तेल कोमट करून पायाला लावायला गेल्या तर पाय मागे ओढून घेतले होते. किती कोरडा झालाय हा माणूस, असं म्हणून त्या उठल्या होत्या आणि ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच धैर्यशीलसोबत परत आल्या होत्या. गाडी बांधापलीकडे गेल्यावर ह्यांनी बुखारी बाहेर काढली असणार. आणि त्या आधीचे चार दिवस? आणि त्या आधीची सगळी वर्षं, सगळ्या दिवाळ्या? चंद्राबाई मोठ्यानं रडल्या. घरात कुणी नव्हतं ते बरं झालं. मग नाक पुसून उठल्या आणि कुकर लावला, कारण दुपारी शिवांजलीचा डबा न्यायला बँकेतला शिपाई येणार होता.

धैर्यशील म्हणाला, रविवारी मी गाडी घेऊन जातो आणि आबांना उचलूनच आणतो. शेगडी बसवून झाली होती. मागची खोली खरंच सुरेख तापत होती, काजळी नाही, आवाज नाही, एका भिंतीशी निळसर उजेड नुसता. चंद्राबाई त्या खोलीत पलंगावर जाऊन बसल्या. ऊब होती. हात पुढे केला तर हाताला लागत होती. पण हिला कुणाच्या बोटांची गरज नव्हती, कुणाच्या श्वासाची गरज नव्हती. इथं नवरा येऊन बसला असता, पाय शेकले असते, आणि आपण स्वयंपाकघरात असतो, तो इथं असता. आणि तो आला असता ते मुलानं उचलून आणला म्हणून. आला तरी मनात तेच घेऊन आला असता, हिला बरं.

सासूचा एक नियम होता: सुनेनं एकटीनं दारात येऊ नये. माहेराहून यायचं तर भाऊ पोचवायला हवा, नाहीतर दिरानं आणायला जायला हवं. एकटी बाई दारात दिसली की लोक म्हणतात, कायतरी बिनसलं. सासू जाऊन किती वर्षं झाली, पण चंद्राबाई कधी एकट्या पलूसला गेल्या नव्हत्या. कुणीतरी आणायला यायचं, कुणीतरी पोचवायचं. काश्मीरलाही दीर घेऊन गेला आणि हंबीररावानं आणून सोडलं. आयुष्यभर त्या न्यायची आणि आणायची वस्तू होत्या, आणि तो माणूस तिकडे थंडीत बसून होता, कारण तिला कुणी पाठवेल तेव्हा ती येणार.

शुक्रवारी सगळे कामावर गेल्यावर त्यांनी पिशवीत दोन लुगडी भरली, किल्ली शेजारी दिली आणि रिक्षानं स्टँडवर गेल्या. कराडची गाडी सुटताना धैर्यशीलला फोन लावला.

"पलूसला चालले."

"आत्ता? अगं, रविवारी मी जाणारच आहे! कोण आलंय न्यायला? लालासाहेब?"

"कोन न्हाई."

"मग?"

"मग काय? यष्टी हाय की," चंद्राबाई म्हणाल्या. "आन रविवारी तू येऊ नगंस. मी सांगंन तवा ये."

कराडला उतरून तासगावची गाडी धरली. रस्त्याला उसाच्या बैलगाड्या, ट्रॉल्या. मोटार त्यांच्या मागे रखडत होती, आणि चंद्राबाईंना कधी नव्हे ती घाई झाली होती. बसमधल्या सगळ्यांना आपल्याकडे बघून कळतंय असं वाटत होतं. पिशवीत, लुगड्यांच्या खाली, तो बोळाही होता. आता त्याचा वास जवळजवळ गेला होता, कशासाठी घेतला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. फाट्यावर उतरल्या तेव्हा ऊन कलून गेलं होतं आणि पाटाच्या पाण्यावरून गार वारं सुटलं होतं. दोन्ही बाजूला ऊस, मधून गाडीवाट. पाटाचं वळण घेतलं, आणि घर दिसायच्या आधी वास आला. रॉकेलपेक्षा जाड, डिझेलचा, पण तोच. तसाच डोळ्यांत जाणारा. उसाच्या शेंड्यांवर धुराची एक सरळ काळी रेघ चढत होती. चंद्राबाई वाटेतच उभ्या राहिल्या. मग पदर खोचून चालायला लागल्या, ह्या वयाला शोभणार नाही इतक्या भराभर.

दार उघडंच होतं. आबा पाठमोरे बसले होते, घोंगडीवर, मोजे काढून, अपुरा पाय बुखारीकडे लांब केलेला. भिंतीवर डबा, नळी, पितळेची चावी, सगळं तसंच, त्या पत्रेवाल्याकडून आठवणीबरहुकूम करून घेतलेलं. पाऊल वाजलं म्हणून त्यांनी मान वळवली. बायको उंबऱ्यात. त्यांच्या तोंडावर आधी आनंदच आला. तिरका दात दिसला, चंद्राबाईंनी तो नीट बघितला. आणि लगेच त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला, आणि हात घाईनं चावीकडे गेला. थेंब थांबला. "आता इझंल," ते म्हणाले, "आता जाईल वास. खिडकी उघडतो. कळवायचं तरी. कोन आलंय संगं?"

"कोन न्हाई. माजी मीच आले."

"एकलीच?" ते घाबरले. "काय झालं? धैर्या बरा हाय न्हवं?"

"समदी बरी हायत. त्या चावीवरचा हात काडा आदी."

"आगं वास येतोय."

"येऊ द्या की."

"तुला सोसत न्हाई."

"कुनी सांगितलं?"

"तूच म्हनलीस न्हवं. तवा. तितं, क्वार्टरात," आबा म्हणाले. एवढ्या वर्षांपूर्वीची गोष्ट ते कालची असल्यासारखी सांगत होते. "डोस्कं उठलंय म्हनलीस. नगं वाटतंय म्हनलीस."

चंद्राबाईंनी पिशवी खाली ठेवली. उंबरा ओलांडून आत आल्या. "आवं, तवा धैर्या पोटात हुता," त्या म्हणाल्या. "त्याला सोसत नव्हता. मला सोसत हुता."

आबा बघतच राहिले. दिवस गेल्याचं त्यांना तेव्हा पत्रानं कळलं होतं, बारसंही कळलं होतं, पेढे वाटले होते कंपनीत. पण वासाचं ते बोलणं त्याला जोडून बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. बुखारीच्या पोटात ज्योत बारीक होत चालली होती आणि पत्रा टकटक करत आक्रसत होता. चंद्राबाई घोंगडीच्या कडेला बसल्या, नवऱ्याची थंडगार बोटं चावीवरून सोडवून घेतली आणि चावी आपल्या हातात घेतली. जरा उघडली. एक थेंब पडला. चालून आल्यानं त्यांचा श्वास जलद होता, दुसरा थेंब त्याच्या पाठोपाठ पडला, बुखारी गुरगुरायला लागली.

"पळत आलीस का काय?" आबा म्हणाले.

त्यांनी चावी किंचित आवळली. थोड्या वेळानं श्वास ठिकाणावर आला आणि थेंबही. आबांनी अपुरा पाय पुन्हा बुखारीकडे लांब केला. मग जरा अंदाज घेत, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "धैर्या न्यायला कवा येनार?"

"कोन न्यायला येनार न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या.

आबांनी मान हलवली आणि घोंगडीवर थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.